डावा फाटा

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. सत्तावीस वर्षं महापालिकेच्या हद्द विभागात काढली की कुणाच्याही नाकावर तो येऊन बसेल. आमचं काम एकच, शहर कुठे संपतं ते शब्दांत लिहायचं. नकाशा आरेखक काढतो, मोजणी मोजणीवाले करतात, पण कायद्याचं चित्रावर भागत नाही, त्याला वाक्य लागतं. 'तेथून रस्त्याच्या मध्यातून पूर्वेस मैलाच्या दगडापर्यंत, तेथून दक्षिणेस ओढ्यापर्यंत', असं करत करत जिथून निघालो तिथे परत यायचं. आणि नकाशा आणि वाक्य यांत फरक पडलाच, तर वाक्य खरं धरायचं, असा नियमच आहे. ते वाक्य मी लिहिते. ऑफिसात मला चतुःसीमाबाई म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नाही.

माझे साहेब म्हणजे नगरसचिव. त्यांना सगळे स्वल्पविराम म्हणतात. एका रस्त्याच्या ठेक्याची जाडजूड फाइल त्यांनी फक्त एका स्वल्पविरामासाठी परत पाठवली होती. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. नंतर कळलं, ठेकेदारानं रस्ता करायचा की नुसती खडी आणून टाकायची, हे त्या एका चिन्हावर ठरत होतं. तेव्हापासून मी त्यांना हसत नाही. म्हणजे, फार हसत नाही.

गेल्या वर्षी हद्दवाढ निघाली. शहर पूर्वेला ओढ्यापर्यंत न्यायचं ठरलं. आता हा ओढा नीट समजून घ्या, कारण सगळं रामायण तिथलंच आहे. जुन्या पुलाखाली तो एक असतो. पुढे त्याचे दोन फाटे होतात, एक शहराच्या बाजूनं जातो आणि एक माळाच्या बाजूनं, आणि मैलभर खाली गेल्यावर दोन्ही पुन्हा एक होतात. या दोन फाट्यांच्या मधल्या तुकड्यावर एक्केचाळीस घरांची वस्ती आहे. मी तिथे जन्मले. माझी आई अजून तिथेच राहते. वस्तीला नळ नाही. पुलापाशी एक सार्वजनिक नळ आहे, तिथून सगळे पाणी आणतात. आईचं वय शहात्तर. ती रोज वीस लिटरचा कॅन ढकलगाडीवर घालून पुलापर्यंत चढ चढते आणि भरून परत आणते.

नकाशात हद्द शहराकडच्या फाट्यानं गेली होती. म्हणजे वस्ती बाहेर. आईच्या दारातून दगड मारला तर शहरात पडेल, इतक्या जवळून ती रेघ गेली. 'मधला तुकडा पुढच्या टप्प्यात घेऊ,' असं बैठकीत ठरलं होतं. पुढचा टप्पा म्हणजे काय, हे आमच्या खात्यात पोराटोरांनाही ठाऊक आहे. मला वाईट वाटलं. पण रेघ ठरवणं माझं काम नव्हतं, मला ती लिहायची होती.

त्याच सुमारास आचारसंहितेचे नवे नियम आले होते. कुठल्याही कामाला हात लावण्याआधी एक प्रतिज्ञापत्र भरायचं, की या कामात माझा किंवा माझ्या नातेवाइकांचा हितसंबंध नाही. खाली नातेवाइकांची यादी. आई, वडील, सासू, सासरे, जाऊ, नणंद, व्याही, विहीण, साडूसुद्धा. ज्यानं ती यादी केली त्याच्या घरी कार्याला काय गर्दी होत असेल! मी स्वल्पविरामांना विचारलं, "साहेब, माझी आई तिथे राहते. सही करू का?"

"हद्दीच्या आत की बाहेर?"

"बाहेर."

"बाहेर राहणाऱ्याला हद्दवाढीतून काय मिळणार आहे? करा सही," ते म्हणाले. मी सही केली आणि त्याच दिवशी वर्णन लिहायला बसले. नकाशा पुढ्यात घेतला, शहराकडच्या फाट्यावर पेन्सिल टेकवली आणि लिहिलं, 'तेथून ओढ्याच्या डाव्या फाट्याने, दोन्ही फाटे पुन्हा मिळतात तेथपर्यंत.'

प्रारूप जाहीर झालं. हरकतींची मुदत आली तशी गेली. कुणी चकार शब्द काढला नाही. नव्या हद्दीत पाण्याची लाइन टाकायची निविदाही निघाली, ठेका ठरला, फक्त सर्वसाधारण सभेची शेवटची मंजुरी बाकी राहिली. ती गुरुवारी होती.

त्याच्या आधीच्या रविवारी मी आईकडे गेले. वस्तीच्या तोंडाशीच पांढऱ्या रंगाच्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. एकीमागून एक, सरळ ओळीत, थेट आईच्या दारापर्यंत. शेवटची खुंटी पायरीला टेकून होती. आई दारातच बसली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी फार वर्षांनी बघत होते.

"अगं, नळ येतोय," ती म्हणाली. "मंजुरी झाली की लगेच खणणार म्हणाला मुकादम. आणि तू एका शब्दानं बोलली नाहीस!"

न्हाणीच्या बाजूला तिनं जागा साफ करून घेतली होती. विटांचा एक बुटका ओटाही बांधून झाला होता, कॅन ठेवायला. नळ कुठे, भांडी कुठे घासायची, पाणी कुठे जायचं, सगळं ठरलं होतं. सिमेंट अजून ओलं होतं.

मला वाटलं, ठेकेदाराच्या माणसांनी चुकून खुंट्या ठोकल्या. मुकादम पलीकडच्या गल्लीत फीत घेऊन उभा होता. मी त्याला झापलंच. "अहो, ही वस्ती हद्दीबाहेर आहे! कुणी सांगितलं तुम्हाला इथं मोजायला?"

त्यानं शांतपणे खिशातून घडी केलेला कागद काढला. "बाई, आम्ही नकाशाला हात लावत नाही. वर्णनावर चालतो. हे बघा, डाव्या फाट्यानं. डावा फाटा तो पलीकडचा, माळाकडचा. म्हणजे वस्ती आत."

"डावा फाटा हा अलीकडचा!" मी म्हणाले.

"असं कसं? ओढ्याचा डावा-उजवा पाणी वाहतं तिकडे तोंड करून ठरवतात ना?"

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते मला त्या गल्लीत कळलं. तो म्हणत होता ते बरोबर होतं. मी ते हजार वेळा लिहिलं होतं, नवीन आलेल्या मुलींना शिकवलं होतं. पण आमच्या वस्तीत सगळे शहराकडच्या फाट्यालाच डावा म्हणतात. मी बोलायला शिकले तेव्हापासून तो डावा. पाणी आणायला आम्ही पुलाकडे जातो, वर, पाण्याच्या उलट्या दिशेनं, आणि तेव्हा तो डाव्या हाताला असतो. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांचे ओढे मी नियमानं लिहिले आणि स्वतःचा लिहिताना आईचं बोट धरून लिहिला.

मी त्या खुंट्यांकडे बघत राहिले. खरं सांगते, पहिल्यांदा भीती वाटलीच नाही. मी थक्क झाले. मी टेबलावर बसून दोन अक्षरं लिहिली होती आणि त्यांच्या जोरावर एक्केचाळीस घरं जागची न हलता शहरात आली होती. कुणाला पत्ता नाही, आवाज नाही. माणसं लोखंडी फीत घेऊन माझ्या शब्दामागून चालत आली होती आणि त्यांनी माझ्या आईच्या पायरीला खुंटी ठोकली होती. आपल्या हातात एवढं असतं, हे मला नोकरीच्या सत्तावीस वर्षांत कधी जाणवलं नव्हतं. 

भीती मग संध्याकाळी आली. माझ्या सहीचे दोन कागद होते. एकात मी वस्ती आत घेतली होती आणि दुसऱ्यात माझा हितसंबंध नाही म्हणून लिहून दिलं होतं. दोन्ही मिळून मी ठार खोटी ठरत होते.

मुकादम जाताना हळूच म्हणाला होता, "बाई, चूक असली तरी कुणाचं वाईट झालंय का? गुरुवारपर्यंत गप्प बसा. नंतर कोण विचारतंय?" माणूस वाईट नव्हता. त्याला चार खुंट्या जास्त ठोकायला मिळत होत्या आणि माझ्या आईला पाणी. सोमवारी मी गप्प बसले. मंगळवारीही बसले. दोन दिवस मी इतकी चांगली वागले की शिपायानं विचारलं, बाईंना बरं नाही का?

पण हद्द लिहिणाऱ्या बाईला झोप लागायची असेल तर हद्द जुळावी लागते. निघालो तिथे रेघ परत आली नाही, तर ते वर्णन वर्णन नसतं. बुधवारी सकाळी मी दोन्ही कागद घेऊन स्वल्पविरामांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले. मग म्हणाले, "उभ्या राहा. पाणी या खिडकीतून त्या दाराकडे वाहतंय. तोंड पाण्याबरोबर. डावा हात वर करा."

मी दाराकडे तोंड करून डावा हात वर केला.

"आता तुमच्या आईसारख्या उभ्या राहा."

मी खिडकीकडे वळले आणि डावा हात वर केला. हात दुसऱ्या भिंतीकडे गेला. त्या खोलीत, शाळेतल्यासारखा हात वर करून, पन्नाशीची बाई मी, मला रडू फुटलं. त्यांनी मला बसायला सांगितलं नाही. ते स्वतःच उठून उभे राहिले. एक साहेब माझ्यासाठी उभा राहिला, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

"सत्तावीस वर्षांत पहिली चूक," ते म्हणाले. "आणि केलीत ती एक्केचाळीस घरांची. उद्याचा विषय तहकूब. शुद्धिपत्रक निघेल, 'डाव्या' ऐवजी 'उजव्या'. त्यावर नव्यानं पंधरा दिवस हरकती. या फाइलला तुम्ही यापुढे हात लावायचा नाही, माझ्याशी त्यावर बोलायचंही नाही. आणि निष्काळजीपणाबद्दल ताकीद, लेखी."

"हो साहेब."

"आणखी काही?"

"आईला काय सांगू?"

"ते आचारसंहितेत नाही," ते म्हणाले आणि खिडकीकडे बघायला लागले.

आईला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती, म्हणून मला वाटलं समजून घेतेय. शेवटी म्हणाली, "तुला कुणी विचारलं होतं?"

"कुणी नाही."

"मग सांगितलंस कशाला?" ती उठली आणि ओट्याकडे गेली. सिमेंट आता वाळलं होतं. त्यावर तिनं उन्हात घालायचे कपडे टाकले, आणि मी निघेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि खुंट्या उपटून घेऊन गेली. आईच्या पायरीपाशी एक भोक राहिलं.

मी चिडले होते. नियमावर, आईवर, त्या ओढ्यावर, ज्याला एकदा दोन फाटे करायची बुद्धी झाली त्यावर. सगळ्यात जास्त स्वतःवर.

शुद्धिपत्रक पुलाच्या नळापाशी चिकटवलं गेलं. रविवारी मी गेले तेव्हा आई त्याच्यासमोर कॅन घेऊन उभी होती. तिला वाचता येत नाही. तिच्या मागे सातआठ बायका. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे काय लिहिलंय?"

मी आदल्याच दिवशी स्वल्पविरामांना विचारलं होतं, फाइलविषयी नव्हे, नियमाविषयी. ते म्हणाले होते, "जाहीर सूचना वाचून दाखवायला बंदी नाही. समजावून सांगायला आहे." म्हणून मी वाचलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, क्रमांक, दिनांक, कलम, सगळं. "...सदर दुरुस्तीबाबत कोणास हरकत असल्यास त्यांनी पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे. हरकत घेणाऱ्यास समक्ष म्हणणे मांडण्याची संधी देण्यात येईल."

"हरकत असल्यास म्हणजे?" आईनं विचारलं.

"मला सांगता येत नाही."

"का?"

"तेही सांगता येत नाही."

तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. रागाचं बघणं असेल म्हणून मी खाली बघितलं. पण ती म्हणाली, "पुन्हा वाच. शेवटचं तेवढं." मी वाचलं. "पुन्हा." मी पुन्हा वाचलं. तिसऱ्या वेळी ती माझ्याबरोबर पुटपुटत होती. मग तिनं कॅन तिथेच ठेवला आणि म्हणाली, "चला गं." बायका तिच्या मागून खाली गेल्या. नळ तसाच चालू होता. बंद मी केला.

पंधरा दिवसांत एक्केचाळीस हरकती आल्या. मला त्या बघायला मिळणार नव्हत्या, पण आवक-जावकचा कारकून सगळ्या ऑफिसला सांगत सुटला. कुणी वहीच्या पानावर लिहून आणलं होतं, कुणी जुन्या पत्रिकेच्या पाठीवर. सगळ्यांनी खाली सही किंवा अंगठा आणि घराचा क्रमांक दिला होता. त्यांच्या घरांना क्रमांक नव्हते. त्यांनी ते त्या आठवड्यात आपले आपण घातले होते, एक ते एक्केचाळीस.

सुनावणीच्या दिवशी मी सभागृहाबाहेरच्या बाकावर बसले. आत जायला मला मनाई होती, बाकाला नव्हती. दारावरची झडप उघडी असते, त्यामुळे आतलं ऐकू येतं, हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे. आयुक्तांचा आवाज आला, नकाशा उलगडल्याचा आवाज आला. मग पहिलं घर म्हणून माझ्या आईला पुकारलं. तिनं आपल्या घराला एक नंबर घेतला होता. तिच्याशी भांडायची हिंमत कुणाची होती?

आयुक्त सभ्यपणे म्हणाले, "आजी, मूळ वर्णनात चूक झाली होती. ओढ्याचा डावा फाटा म्हणजे, पाणी वाहतं तिकडे तोंड करून—"

"माहीत आहे," आई म्हणाली. "मुलीनं चूक केली, तिनं ती सांगितली, तुम्ही तिला ताकीद दिलीत, बरं केलंत. चुकून मिळालेलं आम्हाला नकोच. उद्या कुणी येऊन खुंटी उपटली तर दाद कुणाकडे मागायची? मी तुमच्या डाव्याचं विचारायला आलेय."

"विचारा."

"तुम्ही पाणी जातं तिकडे तोंड करून डावं ठरवता. आमच्याकडे तसं बघायला सवड कुणाला आहे? आम्ही पाणी येतं तिकडे बघतो. उभा जन्म मी वर बघत चालतेय. शहर माझ्या डाव्या हाताला असतं, रोज, इतकं जवळ." ती थांबली. मला न बघताही कळलं की तिनं हात लांब केला असणार. "तुम्ही आम्हाला बाहेर ठेवलंत तर ठेवा. पण चुकीनं नको, आणि पुढच्या टप्प्यात म्हणून नको. आमच्याकडे एकदा तोंड करा आणि सांगा."

 मी बाकावरून उठून उभी राहिले. ती माझी आई होती. पोस्टाचा फॉर्म भरायला माझ्या मागे लागणारी, रस्त्यावर मोठी गाडी आली की माझा हात घट्ट धरणारी. आणि जिथे मी सत्तावीस वर्षं मान खाली घालून फायली नेऊन ठेवल्या, त्या खोलीत ती साहेबांना उभं करून विचारत होती. मला हात जोडावेसे वाटले. मी जोडलेही. समोरून शिपाई चहा घेऊन येत होता, तो बघत बघत आत गेला.

मग बाकीची चाळीस घरं एकेक करून बोलली. दुपारी दार उघडलं आणि स्वल्पविराम बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे बघायचं नव्हतं आणि बघितलं नाही. पण माझ्यासमोरून जाताना ते थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि समोरच्या भिंतीला उद्देशून म्हणाले, "असा जबाब मी माझ्या नोकरीत लिहून घेतला नव्हता." आणि गेले.

निकाल महिन्यानं लागला. अंतिम अधिसूचना खाली फलकावर लावतात. मला ती वर मिळणार नव्हती, म्हणून जिना उतरून चार लोकांत उभं राहून मी ती वाचली. माझीच वाक्यं होती, रस्त्याच्या मध्यातून, मैलाच्या दगडापर्यंत. मग ओढा आला. 'तेथून ओढ्याच्या डाव्या फाट्याने, म्हणजे पाणी वाहते त्या दिशेस तोंड करून डाव्या, मधील एक्केचाळीस घरे समजून उमजून आत घेऊन...'

समजून उमजून. सरकारी कागदात हे शब्द मी कधी वाचले नव्हते. आणि शब्द तोच होता, डाव्या. तेव्हा तो माझ्या हातून घसरला होता आणि आता त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. बाजूला दोन स्वल्पविराम होते, अगदी जागच्या जागी.

मी ऑफिस सोडून तशीच गेले. आई पुलाच्या चढावर होती, गाडी ढकलत. मी धावत जाऊन गाडीला हात लावला आणि धापा टाकत सांगितलं, "आई, डावा फाटा ठरला."

ती थांबली. "कोणता डावा? आपला की त्यांचा?"

"त्यांचा."

तिनं मागे वळून खाली बघितलं. वस्तीकडे, दोन्ही फाट्यांकडे, पाणी जात होतं तिकडे. किती तरी वेळ बघत होती. मग डावा हात वर करून तिनं माळाकडचा फाटा दाखवला, हळूच, चुकत तर नाही ना अशा बेतानं.

"हा?"

"हाच."

"बरं," ती म्हणाली. "शिकायला लागेल." आणि वर तोंड करून तिनं गाडी पुन्हा ढकलायला घेतली, कारण लाइन यायला अजून वेळ होता आणि घरात पाणी नव्हतं.